जेवणाआधीची लॅटिन

एखादा समाज किती सुसंस्कृत आहे, हे तो काय शिकतो यावरून ठरत नाही. न शिकलेल्या गोष्टींपुढे तो किती आदराने मान झुकवतो, यावरून ठरतं. या कसोटीवर आमचं सेंट वुल्फ्रिक कॉलेज इंग्लंडातल्या पहिल्या पाचांत सहज बसेल. (पहिल्या पाचांची यादी आम्हीच केलेली आहे.)

आमच्याकडे लॅटिन दारावर आहे, कपबशांवर आहे, पदवीदानात आहे आणि नव्या स्वच्छतागृहाच्या कोनशिलेवरही आहे. मी इथे संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून आकडे देतो. कॉलेजातल्या ब्याण्णव टक्के अध्यापकांना लॅटिन 'जिव्हाळ्याची' वाटते आणि एक टक्क्याला ती येते. हा एक टक्का म्हणजे डॉक्टर हेस्टर पेनहॅलो.

हेस्टरबाई ग्रीक-लॅटिन विभागाच्या प्रमुख, एकमेव प्राध्यापक आणि तिथला रेडिएटर लाथ मारून चालू करण्याचे अधिकार असलेल्या व्यक्ती. गेल्या वर्षी त्यांना विद्यार्थिनीही एकच होती, हल बंदरावरच्या गोदी कामगाराची मुलगी टॅम्झिन ओल्डरॉइड. मुलगी तोंडाने फटकळ, पण ग्रीक शोकांतिका वाचताना अशी हमसून रडायची, की खालच्या मजल्यावरचे अर्थशास्त्रवाले छत गळतंय अशी तक्रार करत.

अशा परिस्थितीत काटकसर समितीने विभाग बंद करण्याची शिफारस केली, यात समितीचा काहीच दोष नव्हता. अहवाल मीच लिहिला होता. 'सदर विभागात प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पूर्ण प्राध्यापक उपलब्ध आहे. हे प्रमाण जगात सर्वोत्कृष्ट असल्याने ते तातडीने थांबवणे आवश्यक आहे.' विभागाच्या जागी 'प्राचीन प्रेरणा केंद्र' होणार होतं. तिथे एक संगमरवरी मुंडकं ठेवून त्याच्याशेजारी फोटो काढायची सोय करायची, इतका सर्वंकष विचार झाला होता. हेस्टरबाईंना सन्मानाने घरी पाठवायचं ठरलं. सन्मान म्हणून मुंडक्याचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं.

आता एक प्रथा सांगायला हवी. संध्याकाळच्या पंगतीला आम्ही काळे झगे घालून उभे राहतो आणि लॅटिनचा विद्यार्थी देवाची प्रार्थना पाठ म्हणतो. तोवर चमच्याला हात लावायचा नाही. प्रार्थना संपली की सगळे 'आमेन' म्हणतात आणि सुपावर तुटून पडतात. प्रार्थनेचा अर्थ कोणी विचारत नाही, कारण सूप निवतं.

विभाग बंद करण्यावर शिक्का बसायचा होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी मोठी पंगत होती. पाहुण्या होत्या मिसेस ग्लेनिस मडफर्ड. मांजरांचं खाद्य विकून श्रीमंत झालेल्या या बाई कॉलेजला देणगी देणार अशी जोरदार वदंता होती. मास्टर सर ऑलरिक (मास्टर म्हणजे कॉलेजचे प्रमुख, ते शिकवत कोणालाच नाहीत) त्यांच्याशेजारी बसले होते. मी हेस्टरबाईंच्या शेजारी होतो. इलाज नव्हता, जागा ठरलेल्या असतात.

टॅम्झिन उभी राहिली. माना झुकल्या. प्रार्थना सुरू झाली आणि थांबेचना. एरवी ती चार ओळींची असते. त्या दिवशी टॅम्झिनचा आवाज चढला, बोट एकदा मास्टरांकडे आणि एकदा चक्क माझ्या दिशेला वळलं. भक्तिभाव फारच दाटला असावा असं मला वाटलं. हेस्टरबाईंचा चेहरा मात्र बिटासारखा लाल झाला होता आणि त्यांनी नॅपकिनचं टोक दातांत धरलं होतं.

"आमेन!" आम्ही गरजलो.

मिसेस मडफर्डनी डोळे टिपले. "अगं बाई, अंगावर काटा आला हो! काय अर्थ आहे याचा?"

मास्टरांनी त्यांच्या उजवीकडच्या धर्मशास्त्रज्ञाकडे पाहिलं. धर्मशास्त्रज्ञाने इतिहासकाराकडे पाहिलं. इतिहासकाराला अचानक ब्रेडला लोणी लावायचं आठवलं. नजरा फिरत फिरत हेस्टरबाईंवर येऊन थांबल्या. टॅम्झिन पांढरीफटक पडली होती. खरं सांगितलं तर पोरगी दुसऱ्या दिवशी कॉलेजाबाहेर, हे तिला आणि तिच्या बाईंनाच ठाऊक होतं.

हेस्टरबाईंनी नॅपकिन सोडला. "सांगितला असता, पण एका वाक्यात सांगण्यासारखा तो नाही. फार खोल आहे. त्याला निदान एक विभाग लागतो."

"मग आहे ना तुमच्याकडे विभाग?" मिसेस मडफर्डनी मास्टरांना विचारलं.

मास्टर एरवी फार मुत्सद्दी माणूस, पण सूप निवत होतं. "म्हणजे काय! आहेच!"

"कायमचा?"

"अहो, तो आमचा प्राण आहे!"

देणगी मिळाली. अट एकच, ही प्रार्थना रोज व्हायला हवी आणि शब्द हेच हवेत. काटकसर समितीने आपला अहवाल एकमताने गैरसमज ठरवला. संगमरवरी मुंडकं आता रेडिएटरशेजारी असतं, त्याच्यावर हेस्टरबाई ओला रेनकोट वाळत घालतात.

त्या पंगतीनंतर झगे टांगायच्या खोलीत मी हेस्टरबाई आणि टॅम्झिनचं बोलणं ऐकलं होतं.

"अगं भवाने, हसू दाबता दाबता मला काही झालं असतं तर?"

"तुम्हाला काय व्हायचंय बाई! पण वाक्यरचना जमली होती ना?"

"झकास जमली होती. म्हणून तर जीव जात होता."

कुतूहल वाईट. मी हेस्टरबाईंच्या नवशिक्यांच्या वर्गाला जाऊन बसलो. आता त्या वर्गाला बसायला जागा नसते. का, ते पुढे कळलं. तिसऱ्या सत्रात एका पंगतीला मला प्रार्थना समजू लागली. 'हे देवांनो, मास्टर घोड्यासारखे सूप ओढतात, त्यांची जीभ पोळू दे. आणि तो आकडेमोड्या टकल्या, ज्याने माझ्या बाईंना टक्क्यांत गाठून मारलं, त्याच्या पुडिंगमध्ये रोज केस निघू दे.' (तो माझा स्वतःचा असण्याचा संभव शून्य आहे.) आजूबाजूला झुकलेल्या मानांमध्ये निदान वीस खांदे हसण्याने गदगदत होते. मास्टर डोळे मिटून उभे होते.

मी कोणाला काही सांगितलेलं नाही. शिव्या फार सुरेख आहेत, आणि त्या मला समजल्या याचा मला खरोखर आनंद झाला. सर्वांत खणखणीत 'आमेन' हल्ली माझाच असतो.

तुम्ही हसताय. हसा. परवाच्या लग्नात हातात अक्षता धरून तुम्ही अर्धा तास उभे होतात. गुरुजी वधूवरांना काय म्हणाले? आणि तुम्हाला काय म्हणाले? अक्षता मात्र तुम्ही अगदी वेळेवर टाकल्यात.