बिबट्या आणि ओले चमचे

माणसाला मोकळे सोडायचे असेल तर आधी त्याच्या हातात वेळापत्रक द्यावे लागते, हे आमच्या कंपनीइतके कुणालाच उमगलेले नाही. केपटाउनहून व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत वीस दिवस निसर्गाच्या कुशीत रमायला अठरा माणसे येतात आणि पहिल्याच सकाळी त्यांना पाळ्यांचा तक्ता मिळतो : भाज्या चिरणे, भांडी घासणे, ट्रक झाडणे, बॅगा उतरवणे. (ट्रकला बस म्हणायचे नाही. म्हणणाऱ्याला आमचे ड्रायव्हर ओबर्टदादा सगळ्यांसमोर दहा जोर काढायला लावतात. एका आजोबांना वयामुळे सूट मिळाली. त्यांनी पाच काढले.) बसायची जागा रोज एकेक घर पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला सारखेच ऊन येते.

मी प्रोग्रेस सिबांदा, बुलावायोचा, गेली अकरा वर्षे या ट्रकचा स्वयंपाकी आणि वाटाड्या. आमच्या व्यवस्थेतला मला सर्वांत पटलेला भाग म्हणजे ताटे सुकवणे. फडके वापरायचे नाही, फडक्यात जंतू असतात. जेवणानंतर सगळ्यांनी गोल उभे राहायचे, दोन्ही हातांत एकेक ताट धरायचे आणि सुकेपर्यंत हवेत हलवायचे. शेवटचा चमचा सुकल्याशिवाय कुणी जागचे हलायचे नाही. माझ्या हिशेबाने एक पाहुणा वीस दिवसांत सरासरी अकरा मिनिटे सिंह पाहतो आणि नऊ तास ताटे हलवतो. तरी घरी जाऊन सांगतो ते सिंहाचेच, हा त्याचा मोठेपणा.

यंदा आमच्यात ॲनेलीसबाई होत्या, हॉलंडच्या, करखात्यातून निवृत्त झालेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाळ्यांचा तक्ता ताब्यात घेतला आणि मला हायसे वाटले. त्यांच्याजवळ प्राण्यांची यादीही होती आणि तिच्यात एकच घर रिकामे होते. रोज सकाळी त्या मला विचारत, "बिबट्याचं काय झालं, प्रोग्रेस?" जणू मी तो घरीच विसरून आलो होतो.

मी हसून वेळ मारून नेत असे. शेवटच्या दिवशी प्रत्येक पाहुणा एक फॉर्म भरतो आणि पाचपैकी तारे देतो. सरासरी साडेचार पडली तर स्वयंपाक्याला पुढचा हंगाम मिळतो, नाहीतर त्याने सासूच्या कोंबड्या राखायच्या. मागच्या खेपेला मला चार पूर्णांक दोन मिळाले होते (कारण : पाऊस) आणि कंपनीने ही शेवटची संधी आहे असे कळवले होते. सरळ सांगतो, मी घाबरलो होतो.

सोळाव्या दिवशी आम्ही बोट्सवानात ख्वाई नदीकाठी उतरलो. ऊन कलायच्या आत जेवणे आटोपली, ताटे हलू लागली आणि डंकन नावाच्या इंग्रज मास्तरांनी दोन चमचे तसेच पेटीत टाकले. बाईंनी त्यांचे मनगट धरले.

"हे ओले आहेत."

"अहो, आजूबाजूला एवढं रखरखीत. पेटीत सुकतील की."

"आज चमचा, उद्या ताट. मग तक्ता कशाला केलाय, चुलीत घालायला?"

पाच मिनिटांत तुकडीचे दोन पक्ष पडले, सुके आणि ओले. मधुचंद्राला आलेले डॅनिश जोडपेही दोन बाजूंना उभे राहिले. माझ्या डोळ्यांसमोर तारे एकेक करून विझत होते.

मी हळूच म्हणालो, "ॲनेलीसबाई, तुमच्या मागे पंधरा पावलांवर बिबट्या आहे. सावकाश वळा."

"एक मिनिट, प्रोग्रेस," त्या न वळताच म्हणाल्या. "आधी चमच्यांचं मिटू दे."

मिटायला चार मिनिटे लागली. दोन्ही चमचे दोन्ही पक्षांनी मिळून हलवले. मग अठरा माणसे एकदम वळली. समोर मोपानीचे झुडूप होते आणि त्याची एक फांदी हलत होती.

"गेला?" बाईंनी विचारले.

"आता तिथे नाही, बाई."

बाई मटकन खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि मला फार वाईट वाटले. डंकनमास्तरांनी स्वतः त्यांना चहा आणून दिला. चहा पोटात गेल्यावर करखाते जागे झाले. पाठ हाही शरीराचाच भाग, तेव्हा पाठीमागचा बिबट्या पाहिलाच असे धरावे, असा ठराव बाईंनी मांडला आणि तो एकमताने संमत झाला. सगळ्यांचे सांगणे एकसारखे असावे म्हणून तपशील माझ्याकडून लिहून घेतला : डावा कान फाटका, शेपटीचे टोक पांढरे.

धबधब्यापर्यंत पंधरा पावलांची सहा झाली. डॅनिश नवरीला त्याचा श्वासही आठवू लागला. मला पाचपैकी चार पूर्णांक नऊ तारे पडले आणि पुढचा हंगाम मिळाला.

पाहुणे विमानतळावर सोडून परतताना ओबर्टदादा म्हणाले, "मी त्याच झुडपामागे टायर बघत होतो रे. मला कसा नाही दिसला?"

मी म्हणालो, "दादा, भांडणारा माणूस मागे वळत नाही, हे अकरा वर्षांत शिकलोय."

आता तुम्ही माझ्याकडे रागाने पाहू नका. मी जे सांगितले ते बाईंना सांगितले. तिथे बिबट्या होता असे तुम्हाला मी एकदाही म्हणालेलो नाही. तरीही त्याचा फाटका कान तुम्हाला स्पष्ट दिसला असेल, तर तुमच्याही यादीत खूण करून टाका, आणि फॉर्मवर तारे पाचच द्या.