जाळीतली करंगळी

गुलाबी

गेलन शेफरची करंगळी बंदुकीत अडकली तेव्हा हॉलमध्ये कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं, आणि ते नसलेलंच त्याला हवं होतं.

बंदूक पहिल्या महायुद्धातली, खंदकात लढणाऱ्या शिपायांसाठी केलेली. नळी तापून हात भाजू नये म्हणून तिच्यावर पोलादी पत्र्याची जाळी, भोकांच्या सहा ओळी. दर वसंतात गावातले अग्निशमनवाले आपले बंब बाहेर उभे करून हॉल जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनाला देत. आणि दर वसंतात मर्ल झूक गेलनच्या टेबलापाशी थांबून, तोंडातला पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेली उकडलेली करंजी, संपवून म्हणे, "बंदूक खरी रे. जाळी नकली." आणि पुढे सरके. या भागात मर्लच्या शब्दाला वजन होतं. तो नकली म्हणाला की लोक त्या टेबलाला वळसा घालून जात.

यंदा त्याने थोडी भर घातली. खऱ्या जाळीची भोकं म्हणे आतून बोचतात. लढाईच्या घाईत कडा घासायला वेळ कोणाला होता? नकलीवाले सावकाश घासत बसतात. जाळी उघडून बघायची सोय नव्हती. तिचे स्क्रू आजवर कोणी फिरवले नव्हते, आणि फिरवले की तिची निम्मी इभ्रत गेली. म्हणून मर्लची पाठ वळताच गेलनने करंगळी आत घातली.

कडा बोचत होत्या. छान बोचत होत्या. इतक्या, की करंगळी बाहेर येईना.

लाल

त्याची बायको डोरीन चर्चच्या बायकांच्या स्टॉलवरून भांड्यांचा साबण घेऊन आली. गेलन हात पुढे करेना. साबणाने बोट सटकन निघालं तर लोक म्हणणार, बघा, आतून गुळगुळीत आहे.

"म्हणजे बोट निघायला नकोय तुला?"

"निघू दे की. पण सहज नको."

संसारात डोरीनने बरंच ऐकलं होतं. तिने साबण ओतला. बोट निघालं नाही. गेलनचा चेहरा उजळला, तशी ती अग्निशमनच्या माणसाला बोलवायला गेली.

जांभळी

त्या दिवशी ड्यूटीवर होता मर्ल.

तो पत्रा कापायची कात्री घेऊन आला, मागोमाग निम्मा हॉल आला. मर्लने बोट न्याहाळलं, मग जाळी न्याहाळली. म्हणाला, नकलीच तर आहे, कापायला काय जातंय.

"बोट काप," गेलन म्हणाला.

मर्लने समजुतीचा सूर लावला. वयानुसार बोटं जाड होतात, त्यात जाळीचं कौतुक काय? आत कडाबिडा काही नाहीत.

"मग घाल की तुझं."

लोक बघत होते. मर्लने कात्री टेबलावर ठेवली, बाही सारली आणि शेजारच्या भोकात स्वतःची करंगळी घातली. आत फिरवली. थांबला. पुन्हा फिरवली. मग हात ओढला, पण हात आला नाही.

"काय लागतंय?" गेलनने हळूच विचारलं.

मर्लने मान खाली घातली. "खरी आहे," तो टेबलाला म्हणाला.

"मागच्यांना ऐकू आलं नाही, मर्ल."

"खरी आहे म्हटलं ना."

निळी

आता लोक वळसा न घालता थेट टेबलाशी दाटले. गेलनने त्या सगळ्यांवरून एकदा डोळे भरून नजर फिरवली. मग अगदी मोकळ्या मनाने डोरीनला म्हणाला, घे ती कात्री आणि काप.

मर्लने मोकळ्या हाताने कात्री आपल्या बाजूला ओढली. "वेड लागलंय का तुला? अशा कितीशा उरल्यात जगात?"

"सकाळी नकली होती."

"सकाळचं सोड. कापायची नाही म्हणजे नाही."

"अरे, बंदूक माझी आहे."

"असेल. जाळीला हात लावू देणार नाही मी."

डोरीनने दोघांची तोंडं पाहिली, दोन खुर्च्या लावल्या आणि बर्फ आणायला गेली. मर्ल जवळ येणाऱ्या प्रत्येकाला जाळीच्या सहा ओळी समजावून सांगू लागला, आणि कोणी फार वाकलं की त्याला मागे सारू लागला. गेलन शेजारी बसून ऐकत होता. करंगळी सोडली, तर बाकी सर्वांगाला त्याला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.