उलटं विचारणारा सुहास

माझ्या माडीवर भाड्यानं राहणारा सुहास रोज सकाळी जिन्यावरून मला काहीतरी उलटं विचारतो. "अप्पा, उंटाचं दूध आहे का?" मी शिव्या घालतो. "रिस्पॉन्स आला," तो म्हणतो आणि खूश होऊन कॉलेजला निघतो.

मी चौथी शिकलेला, तंजावरचा मराठा. मद्रासला हे लोक आता चेन्नई म्हणतात, मी म्हणत नाही. नुंगंबाक्कममधलं हे घर माझ्या हिमतीवर उभं आहे. मला कुणी खुळ्यात काढलेलं खपत नाही. एकदा त्याला समोर बसवून विचारलं, "तुझा धंदा काय रे?"

"संशोधन. एक्सएमएल म्हणून एक पद्धत आहे, तिच्यात माहिती मांडून ठेवायची आणि ज्याला जेवढी लागते तेवढीच दाखवायची. त्याला व्ह्यू म्हणतात."

"हे आमच्याकडच्या सुना पहिल्यापासून करतात. पुढं?"

"इंटरनेटवर तिकिटाच्या, बँकेच्या सेवा असतात. त्यांना मुद्दाम वेडंवाकडं विचारून तपासायचं. 'नाही' म्हणाली तरी सेवा चांगली. गप्प बसली की मेली."

"सरकार याचे पैसे देतं?"

"थोडे देतं."

"थोडेच द्यावेत."

कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे तो शून्य कॉफी मागतो. तो बिचारा रिकामा पेला पुढं ठेवतो. मग मला हळूच विचारतो, "पैत्यमा?" म्हणजे, वेडा आहे का? मी सांगतो, "नाही, पीएचडी."

साताऱ्याला आईशी फोनवर बोलताना मात्र त्याचं सगळं मस्त असतं. दहीभात खाऊन पुरणपोळी झाली म्हणून सांगतो. मी म्हटलं, "याला थापा म्हणतात." म्हणाला, "व्ह्यू, अप्पा."

पोंगलनंतर मी तापानं पडलो. सकाळी जिन्यावरून आवाज आला, "अप्पा, विमान भाड्यानं मिळेल का?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. हा पठ्ठ्या मागच्या दाराची कडी उचकटून आत आला, पायात एकच चप्पल. रिक्षात घालून मला दवाखान्यात नेलं. तिथं मी विचारलं, "मी आजारी आहे हे तुला कसं कळलं?"

"शिव्या आल्या नाहीत." मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही एकटे राहता. रोज 'जिवंत आहात का' असं कसं विचारू?"

परवा त्याचा प्रश्नच आला नाही. माझी कॉफी गार झाली. माझे गुडघे गेलेत, मी माडी चढत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. चढलो. दार उघडंच होतं. भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशाशी त्याच्या संशोधनाच्या कागदांचा गठ्ठा, वर लाल शाईच्या रेघोट्या. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल शाई कळते.

"इथं हत्तीला लावायची टिकली मिळेल का?" मी विचारलं.

भिंतीकडून आवाज आला, "नाही मिळत, अप्पा."

"रिस्पॉन्स आला," मी म्हटलं.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. "मस्त चाललंय गं. हो, जेवलो," म्हणाला. फोन ठेवला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

मी उंबऱ्यावर बसलो.

"मी काही लगेच खाली उतरत नाही," म्हटलं. "मला व्ह्यू नको. सगळं सांग."