कल निरंक

पूर्वी मुलांचा कल तपासून त्यांना कॉलेजात धाडत असत. त्यातून कुणाचं फारसं भलं झाल्याचं दिसेना, तेव्हा सरकारने मुलांचा नाद सोडला आणि कॉलेजांचा कल तपासायला घेतला. राजकीय कल. पालकांची तशी मागणीच होती. पोरगं शिकून शहाणं झालं नाही तरी एक वेळ चालेल, पण दुसऱ्या बाजूचं होऊन घरी येता कामा नये, यावर सर्व बाजूंच्या पालकांचं एकमत होतं. असं एकमत वारंवार होत नसल्यामुळे सरकारने त्यासाठी ताबडतोब एक कार्यालय उघडलं.

या कार्यालयात निरीक्षक नोकरीला होते. माणूस सरळ आणि कामाला चोख. कॉलेजात जायचं, भिंतींवरची पत्रकं वाचायची, कँटीनच्या कोपऱ्यात चहा घेऊन बसायचं आणि कोण कुणाला बोलू देत नाही ते टिपायचं, मग प्राध्यापकांच्या कपाटातल्या कुठल्या पुस्तकांवर धूळ आहे ते बोट फिरवून बघायचं. यावरून कल अंशांत काढला जाई आणि तो छापलेलं प्रमाणपत्र फाटकाला लावलं जाई. प्रमाणपत्र नसेल तर प्रवेश देण्यास मनाई होती. पालक फाटकाशी येत, आकडा बघत, आणि आत शिरत किंवा तिथूनच मागे फिरत. आत काय शिकवतात ते सवडीने बघायचं असे, आणि सवड बहुधा मिळत नसे.

निरीक्षकांच्या एकुलत्या एका मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे खूळ आजचं नव्हे. गल्लीतलं एकही लंगडं कुत्रं तिच्या हातून पट्टी बांधून घेतल्याशिवाय सुटलेलं नव्हतं, आणि जे लंगडत नव्हतं त्यालाही ती संशयाने बघायची. तेव्हा बारावीचा निकाल लागल्यावर बापलेक कॉलेजं बघायला निघाले.

पहिल्या कॉलेजचा कल एका बाजूला चाळीस अंश होता. तिथे मेंढीच्या पोटाचे चार कप्पे म्हणजे समान वाटपाचा नैसर्गिक पुरावा असल्याचं शिकवत. दुसऱ्याचा कल विरुद्ध बाजूला बेचाळीस अंश होता. तिथे तेच चार कप्पे घाम गाळून केलेल्या बचतीचा पुरावा होते. मुलीने दोन्हीकडे एकच विचारलं, की मेंढी कुठे आहे? पहिल्या कॉलेजात सांगितलं, मेंढीचा विषय समितीपुढे आहे. दुसऱ्या कॉलेजात सांगितलं, मेंढी ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, आपापली घरून आणावी.

तिसऱ्या कॉलेजात मेंढ्या होत्या. शेळ्या होत्या, एक म्हातारी घोडी होती, आणि कुत्र्यांचं तर विचारूच नका. तिथून मुलगी केसांत गवत घेऊन घरी आली आणि शिकेन तर इथेच, असं सांगून मोकळी झाली. नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. कॉलेज नवीन, पहिली तुकडी तात्पुरत्या परवानगीवर घेतलेली, त्याचा कल अजून मोजलेला नव्हता, आणि तो मोजायचं काम निरीक्षकांकडेच आलं होतं. हे आपल्याला शोभणार नाही, मुलीचा प्रश्न आहे, असं त्यांनी वरच्या साहेबांना प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, मग तर तुम्ही जास्तच काळजीने मोजाल.

निरीक्षक गेले. भिंतींवर लसींच्या तारखांखेरीज काही चिकटवलेलं नव्हतं. कँटीनमध्ये दोन मुलं हमरीतुमरीवर आलेली दिसली, तेव्हा त्यांनी आशेने वही काढली. पण वाद खरजेच्या मलमाचा निघाला. पुस्तकांवर धूळ नव्हती, शेण होतं, आणि ते सगळ्याच पुस्तकांवर सारखं होतं. शेवटी ते गोठ्यात पोहोचले. प्राचार्यबाई गुडघे टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा हात मनगटाच्या वरपर्यंत एका मेंढीच्या आत होता.

"संस्थेचा कल कोणत्या बाजूला आहे?" निरीक्षकांनी कार्यालयीन आवाजात विचारलं.

"आत्ता तरी पाय आधी येतायत," बाई म्हणाल्या. "कोकरू सुटलं की बोलू. तोवर ही बॅटरी धरा. जरा खाली. हां, तिथेच."

निरीक्षकांनी बॅटरी धरली. बऱ्याच वेळाने एक ओलं, हडकुळं कोकरू बाहेर आलं, शिंकलं आणि त्यांच्या बुटावर आडवं झालं. पँट वाया गेली. तरी इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलेलं नव्हतं. आपल्या पोरीने हेच शिकावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. कार्यालयात येऊन त्यांनी अहवालात दोनच शब्द लिहिले: कल निरंक.

साहेबांनी त्यांना आत बोलावून घेतलं.

"निरंक म्हणजे काय?"

"काही सापडलं नाही, साहेब."

"सापडलं नाही म्हणजे लपवलंय. जे चारचौघांत दाखवता येतं ते चाळीस अंश असतं. मग जे लपवावं लागतं ते किती असेल, विचार करा." साहेबांनी चष्मा काढला. "आणि उद्या सगळीच कॉलेजं निरंक निघाली, तर तुम्ही आणि मी काय मेंढ्या राखायच्या?"

या युक्तिवादात निरीक्षकांना खोट काढता येईना. तशात बातमी फुटली होती आणि तक्रारींचा पाऊस पडत होता. एका बाजूच्या पालकांची खात्री होती की हे कॉलेज आतून दुसऱ्या बाजूचं आहे; दुसऱ्या बाजूच्या पालकांचीही तेवढीच खात्री होती. साहेबांनी आठवड्याची मुदत दिली. तोवर आकडा आला नाही, तर 'छुपा कल, तीव्र' असा शेरा लागणार आणि कॉलेजला टाळं.

इकडे आड, तिकडे विहीर. निरीक्षक घरी आले, जेवायला बसले आणि भाताशी खेळत राहिले. बायको शिवणकाम करणारी, तिचं सगळं आयुष्य कपडे दोन बोटं आत घेण्यात आणि एक बोट सोडण्यात गेलेलं. ती म्हणाली, "पाच अंश लिहून टाका की. पाच अंशांनी कुणाचं काय वाकडं होतंय? आपली ही भिंत कललीय पाच अंश. पडली का?" मुलगी नुसती बापाकडे बघत होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

निरीक्षकांनी पाच अंश लिहिले. बाजू नाणं उडवून ठरवली.

कॉलेज वाचलं, मुलीला प्रवेश मिळाला, आणि निरीक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा लवकर टाकला. फाटकाला प्रमाणपत्र लागताच एका बाजूच्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. त्यांत अडलेली मेंढी सोडवण्यात तरबेज असलेली दोन मुलंही गेली. दुसऱ्या बाजूच्या पालकांची फाटकाशी रीघ लागली. आपलं कॉलेज आणि अवघे पाच अंश, ही त्यांना शरमेची बाब वाटली. त्यांनी पालक समिती नेमली. समितीने पाहणी करून सांगितलं, की कल वाढवायचा तर चर्चा हवी, चर्चेला सभागृह हवं, आणि सभागृहाला जागा फक्त गोठ्याची आहे. शिवाय जो चारा टाकेल त्याच्यामागे मेंढ्या जातात, तेव्हा त्यांच्या निष्ठेचा भरवसा धरता येत नाही.

प्राचार्यबाईंनी विरोध केला. समितीने तो विरुद्ध बाजूचा कल असल्याची नोंद घेतली. बाईंनी राजीनामा टेबलावर ठेवला. जनावरं गावाबाहेरच्या एका दूधवाल्याला देण्यात आली, आणि घोडीचा दोर हातात धरून बाईही त्यांच्याबरोबर चालत्या झाल्या. सत्र सुरू व्हायच्या आत सभागृह उभं राहिलं. फेरमोजणीत कल अडतीस अंश भरला. भावी कल वेळीच ओळखण्याच्या दूरदृष्टीबद्दल निरीक्षकांना कार्यालयाकडून शाबासकी मिळाली.

पहिल्या दिवशी मुलगी कॉलेजातून आली. तिच्या केसांत गवत नव्हतं. निरीक्षकांनी विचारलं, "काय शिकवलं आज?"

"मेंढीबाबत आपली भूमिका."

"आणि मेंढी?"

"मेंढी कुठली, बाबा? खुर्च्या आहेत आता." ती दप्तर ठेवायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदा लिहिलं होतं तेच खरं होतं."

ज्या गोठ्यासाठी आपण खोटं लिहिलं, तो गोठा त्या खोट्यानेच पाडला, हे निरीक्षकांना कुणी समजावून सांगायला नको होतं. साहेबांकडे जाऊन त्यांनी अहवाल दुरुस्त करायची परवानगी मागितली, पण बैल गेला नि झोपा केला. साहेब म्हणाले, अडतीस अंशांचं निरंक करायला नियमात तरतूद नाही. मुलगी पंधरवड्यात कॉलेज सोडून दूधवाल्याच्या गोठ्यावर जाऊ लागली. बाई शिकवतात, ही शिकते. चांगलं शिकते, असं ऐकतो. मात्र त्या शिकण्याला प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय तिला जनावरांची डॉक्टर म्हणवून घेता येणार नाही.

तेव्हापासून निरीक्षक भेटेल त्याला ही हकीकत सांगतात. लोक भले असतात. ऐकून हळहळतात, साहेबांना नावं ठेवतात, पोरीचं फार वाईट झालं म्हणतात. आणि हळहळून झालं की जरा जवळ सरकून, आवाज उतरवून, प्रत्येक जण तेच विचारतो: ते सगळं खरं हो, पण ते पाच अंश नेमके कुठल्या बाजूला होते?

तुमच्याही मनात हे केव्हापासून घोळत असेल तर संकोच करू नका. प्रवेश अजून चालू आहेत, आणि सभागृहात मागच्या रांगेत थोड्या खुर्च्या शिल्लक आहेत.