लोटूआप्पा क्लेमच्या बैठकीला बसतात

कामरेजला उसाचा ट्रक रिव्हर्स घेताना पंडितच्या इको गाडीवर चढला, तेव्हा पंडित समोरच्या टपरीवर चहा पीत होता. म्हणून पंडित वाचला आणि गाडी गेली. याच गाडीतून तो डिंडोलीतली पोरं शाळेत ने-आण करायचा. गाडी दुरुस्तीपलीकडे गेली हे विमा कंपनीलाही मान्य होतं. पॉलिसीत किंमत दोन लाख दहा हजार लिहिलेली होती. पण सर्व्हेयर योगराजसाहेब एक लाख साठ हजारांवर अडून बसले होते. तेवढ्या पैशांत दुसरी गाडी येत नव्हती, आणि शाळा तर तोंडावर आलेली.

"साहेब, पॉलिसी बघा तरी!"

"बघितली. पण घसारा?"

"तो पॉलिसी करतानाच कापला ना तुम्ही?"

"तो वेगळा."

वेगळा कसा, हे विचारून विचारून पंडितचा घसा बसला.

शेवटी त्याची बायको मंगलाबाई त्याच्यावर करवादली, "अहो, तुम्हाला बोलताच येत नाही. लोटूआप्पांना न्या. अर्ध्या डिंडोलीची लग्नं जमवलीत त्यांनी. भल्याभल्यांना वाकवतात."

आप्पा लगेच टोपी घालून निघाले. रिक्षात त्यांनी एकच प्रश्न केला, "आपण पोरीकडचे का पोराकडचे?"

"आप्पा, लग्न नाही हो, विमा आहे!"

"बैठक ती बैठक. आपली वस्तू त्यांच्याकडे जाणार ना?"

"हो, गाडीचं भंगार विमा कंपनीच नेणार."

"मग आपण पोरीकडचे. तू गप बस, मी शे ना."

पंडितने कपाळाला हात लावला. वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

ऑफिसात आप्पांनी आधी पाणी मागवलं, मग साहेबांचं गाव विचारलं, मग मामाचं गाव. दोघांची ओळख थेट अमळनेरपर्यंत पोचली. साहेब विरघळले.

"आप्पा, तुमच्याकडे बघून एक ऐंशी करतो."

पंडितच्या जिवात जीव आला.

"एक ऐंशी?" आप्पांनी टेबलावर थाप मारली. "एवढं कुठं असतं का साहेब? एक चाळीस! वर एक रुपया नाही!"

"आप्पा!" पंडित किंचाळला.

"तू मध्ये बोलू नको. पोरीकडच्यानं नरम पडायचं नसतं."

साहेबांनी घाईघाईने एक चाळीस लिहून टाकले. आप्पांनी खूश होऊन खिशातली सुपारी काढली.

"आप्पा, पैसे आपल्याला मिळणार होते हो!" पंडित रडकुंडीला आला.

"म्हणजे आपण पोराकडचे? मग आधी नाही का सांगायचं, भो! आता शब्द गेला."

साहेब मात्र आप्पांकडे भक्तिभावाने बघत होते. "आप्पा, रविवारी मोकळे आहात? माझ्या मुलीचं ठरतंय. मानपान, बस्ता, पोराकडचे फार ताणताहेत. आमच्या बाजूनं बसाल?"

आप्पा मान डोलावणार, एवढ्यात पंडित उठून मध्ये उभा राहिला.

"आप्पा येणार नाहीत. आधी पॉलिसीतला आकडा लिहा. सत्तर हजार वाढवा. माझ्या हक्काचेच आहेत. मगच आप्पा तुमचे."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांची आठवण होऊन एक सुस्कारा सोडला. "बरं. सत्तर वाढवतो."

त्यांनी पेन टेकवलं, तोच आप्पांनी त्यांचा हात धरला.

"थांबा साहेब. आता मी तुमच्याकडचा." आणि पंडितकडे वळून ते गरजले, "सत्तर फार होतात, भो. पन्नासात मिटव!"