वाजणारी नोकरी

रविकुमारची नोकरी गेल्याची बातमी मादन हिप्परग्यात सगळ्यांना कळली होती. फक्त रविकुमारला कळली नव्हती, कारण त्या वेळी तो घरात बसून नोकरीच करत होता.

झालं होतं एवढंच, की त्याची आई रेणुकाबाई न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर चढलं. घरात दुसरं बाईमाणूस नाही. रविकुमारने बंगळूरच्या कंपनीतून काही दिवस घरून काम करायची परवानगी काढली आणि लॅपटॉप घेऊन गावी आला. पण साल होतं २००९. अमेरिकेत कुठल्याशा बँका बुडाल्या होत्या आणि बंगळूरच्या कंपन्या पोरांना घरी पाठवतायत, हे आळंदच्या स्टँडवर केळी विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. अशा दिवसांत धडधाकट पोरगा सणवार नसताना घरी येऊन खोलीत बसला, तर अर्थ लावायला गावाला कुणाची मदत लागत नाही.

शेजारच्या गंगव्वाने खिडकीतून डोकावून खात्रीही करून घेतली. "काई करत न्हाई ओ," तिने नळावर जाहीर केलं. "डबड्याकडं बगत बसतंय. मदी मदी भिंतीकडं बगतंय."

भिंतीकडे बघणं हाच रविकुमारच्या कामाचा मुख्य भाग होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी विचार करावा लागतो, आणि विचार करणारा माणूस लांबून अगदी बिनकामाचा दिसतो. जवळूनही फारसा वेगळा दिसत नाही.

नळावरची बातमी मुडबीला पोचली. मुडबीला रविकुमारचे मामा, हणमंतप्पा. त्यांची मुलगी हेमावती बसवकल्याणच्या एका शाळेत शिकवायची आणि तिचं लग्न रविकुमारशी ठरल्यात जमा होतं. रविकुमारला ती फार आवडायची. भिंतीकडे न बघता त्याने आयुष्यात ठरवलेली ती एकमेव गोष्ट होती. हणमंतप्पांनी रविकुमारच्या वडिलांना, रामलिंगांना, फोन लावला.

"दाजी, पोरगं बसून हाय मनं."

"तसं काई न्हाई."

"मग बरंच हाय. पन बसल्याल्या पोराला पोरगी कशी द्यावी? पंधरवड्यानं अक्काला बगायला येतोच हाय. तवा पोराचं काम बी बगतो, आन मग तारखेचं बोलू."

रामलिंग फोन ठेवून थेट खोलीत आले.

"रव्या, खरं सांग. काडल्यात काय तुला?"

"न्हाई ओ अप्पा. काम करायलोय की."

"मग आवाज कामून न्हाई?"

रामलिंगांचं आयुष्य मेंढरांमागे आणि पुढे शेतात गेलं होतं. मोटार असो, कडबा कापणं असो, नाही तर तूर झोडपणं असो, काम म्हटलं की ते वाजतं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. रविकुमारने कंपनीचं ओळखपत्र काढून दाखवलं.

"फोटू तर मतदानाच्या कार्डावर बी हाय माजा," रामलिंग म्हणाले. "मनून काय म्या आमदार झालो?"

ओळखपत्र चाललं नाही, पण रविकुमारपाशी कीबोर्ड होते. एक नाही, तीन. हा त्याचा छंद होता. या कीबोर्डांत प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगची वेगळी कळ असते आणि कळांची जात रंगावरून ओळखतात. लाल कळ गुपचूप दबते, तपकिरी बोटाला हलका अडथळा देते, निळी प्रत्येक दाबाला कट्‌ करते. बंगळूरला त्याच्यासारखे चार जण रविवारी एकत्र बसून तपकिरी चांगली की निळी यावर वाद घालत, उठताना एकमेकांशी बोलत नसत. शिकलेल्या माणसाला किती रिकामा वेळ असतो, याचा यावरून अंदाज यावा. इथे मात्र आईची झोप मोडू नये म्हणून तो समजूतदारपणे लाल कळांचा कीबोर्ड वापरत होता. समजूतदारपणा असा अंगाशी येतो.

त्याने तिन्ही कीबोर्ड बाहेरच्या कट्ट्यावर मांडले. परीक्षक म्हणून आई-वडील बसले, गंगव्वा न बोलावता आली.

"ही लाल."

रामलिंगांनी चार बटणं दाबून बघितली. "मुकी हाय. पुडं."

"ही तपकिरी. जरा जाणवते, बगा."

"मला न्हाई जाणवली."

"चावल्यागत करतीय, पन चावत न्हाई," रेणुकाबाई डाव्या हाताने चाचपत म्हणाल्या. चार शहाण्यांना कित्येक रविवारांत जे नेमकं सांगता आलं नव्हतं ते त्यांनी सांगून टाकलं. मग निळा कीबोर्ड वाजला आणि रस्त्याने जाणारा एक म्हाताराही थांबला.

"हां!" रामलिंगांचा चेहरा उजळला. "ह्ये काम करायलंय."

"पार आमच्या घरात ऐकू येतंय की," आपल्या घरात नसलेली गंगव्वा म्हणाली.

निळ्या कीबोर्डवर रविकुमारचा विशेष जीव होता. त्याच्या बटणांच्या टोप्या त्याने काढून हौसेने नव्या बसवल्या होत्या: पिवळ्या, हिरव्या, ओळ संपवायच्या मोठ्या बटणाला लालभडक, आणि कोपऱ्यातल्या बटणाला एका चित्रकाराकडून मेंढी रंगवून घेतलेली.

"ह्ये गोळ्या-बिस्किटागत काय बसवलास?" रामलिंगांनी विचारलं. मग मेंढी दिसली. "एवडी एक कामाची हाय."

दुसऱ्या दिवसापासून मादन हिप्परग्यात काम सुरू झालं. कट्‌ कट्‌ कट्‌ कट्‌. रामलिंग कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने खूण करत: ऐका. लोक ऐकत, मान हलवत, चहा पिऊन जात. गंगव्वानेही नळावर दुरुस्ती केली, की पोरगं लई काम करतंय, जीव जाईल त्याचा.

अडचण एवढीच होती, की विचार करताना रविकुमारची बोटं थांबत.

"कामून थांबलास रे?" कट्ट्यावरून लगेच हाक यायची.

"इचार करायलोय, अप्पा."

"इचार करायला हात कशाला थांबाय पायजेत? म्या मेंढरामागं चालत चालत केलो की."

तेव्हा रविकुमारने एक कोरं पान उघडलं आणि विचार करायच्या वेळी त्यावर वाटेल ते टाइप करू लागला. आधी तूर, ज्वारी, करडई. मग सगळ्या नातेवाइकांची नावं. मग हेमावती, हेमावती, हेमावती. पण वाटेल ते टाइप करतानाही डोकं थोडं गुंततंच. खरा प्रोग्राम जिथे अडला होता तिथेच अडून राहिला. शिवाय आवाजाने त्याचंच डोकं ठणकायला लागलं, म्हणून त्याने गुपचूप प्रत्येक टोपीखाली एकेक बारीक रबरी कडी घातली. आवाज किंचित उतरला आणि पाचव्या मिनिटाला रामलिंग दारात उभे.

"आज काम हलकं दिसायलंय. कंपनीत काई झालं का?"

कड्या निघाल्या.

दुसरी अडचण स्वयंपाकाची. रेणुकाबाईंचा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणजे भाकऱ्या रविकुमारनेच थापायच्या. पण दुपारच्या वेळी लग्नाचा पोरगा भाकऱ्या थापताना कुणी बघितला असता, तर मुडबीला फोन करायची गरजही उरली नसती. उपाय रेणुकाबाईंनीच काढला.

"तू आत भाकरी कर. म्या डाव्या हातानं ह्ये वाजवते. कोणती बी दाबली तर चालते नव्हं?"

"कोणती बी. फकस्त थांबू नको."

रविकुमारने कोरं पान उघडून दिलं आणि तो चुलीकडे गेला. बाहेर रामलिंग दोन पाहुण्यांना सांगत होते, "जेवणयेळ झाली तरी पोरगं थांबंना बगा." कट्‌ कट्‌ कट्‌ कट्‌. आतून भाकरीचा थाप-थाप आवाज येत होता तो त्या गजरात कुणालाच ऐकू आला नाही.

मात्र त्याच वेळी बंगळूरच्या साहेबांनी संगणकावरून विचारलं, शुक्रवारपर्यंत काम होईल ना? हा प्रश्न नव्या चौकटीत कोऱ्या पानाच्या पुढ्यात येऊन बसला. रेणुकाबाईंचं लक्ष पडद्याकडे नव्हतं, बटणांकडे होतं. त्यांना लालभडक मोठं बटण सगळ्यांत आवडलं, कारण त्याचा आवाज भरीव होता. चार बटणं, एक लाल. चार बटणं, एक लाल. आणि लाल बटण दाबलं, की लिहिलेलं पलीकडे रवाना होतं. साहेबांनी विचारलं, बरा आहेस ना? उत्तरादाखल गगगग आलं. साहेबांनी विचारलं, तू दुपारी घेतोस का? त्यावर मेंढीच्या शेजारचे आकडे आले, ओळीने.

रविकुमार पिठाच्या हातांनी परतला आणि पडदा बघून त्याने कीबोर्ड आईच्या हाताखालून ओढून घेतला.

"आई, काय केलीस ह्ये?"

"थांबले न्हाई बग येकदा बी," रेणुकाबाई अभिमानाने म्हणाल्या.

त्याने साहेबांना खरं काय ते लिहून कळवलं: आई टाइप करत होती, कारण मी भाकऱ्या करत होतो, कारण वडील ऐकत होते. खरं इतकं खोटं वाटतं हे त्यालाही लिहिताना जाणवलं. साहेबांचं उत्तर आलं, ठीक आहे. मंदीत माणसं कमी करायला कंपनी कारण शोधतच होती, आणि तिला ते ओळीवार, लेखी मिळालं होतं. त्यात काम पुरं झालं नव्हतं ते निराळंच.

ठरल्याप्रमाणे हणमंतप्पा आले, सोबत हेमावती. आत्याची विचारपूस झाली. मग हणमंतप्पा कट्ट्यावर रामलिंगांशेजारी मांडी घालून बसले आणि डोळे मिटून जावयाची नोकरी ऐकू लागले.

"दमदार हाय," ते थोड्या वेळाने म्हणाले.

आत रविकुमार जिवाच्या आकांताने टाइप करत होता. तेवढ्यात कंपनीचं पत्र पडद्यावर आलं. दोन ओळी सद्यःस्थितीबद्दल, एक ओळ शुभेच्छांची, आणि मधे ती एक. आजपासून तो कामावर नव्हता. त्याची बोटं थांबली.

नेमकी त्याच वेळी हेमावती चहा घेऊन आत आली. त्याने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, पण ती इंग्रजी शिकवायची. तिचं वाचून झालं होतं. रविकुमारला रडू आलं. नोकरीचं नव्हे. नोकऱ्या जातात, मिळतात. मुडबीला परत जाणाऱ्या बसमध्ये हेमावती खिडकीशी बसलेली त्याला दिसायला लागली होती.

"आता मामाला सांगतो," तो म्हणाला.

"काय?"

"बसून हाय मनून."

बाहेरून हणमंतप्पांचा आवाज आला, "दाजी, बंद पडलं काय?"

हेमावतीने चहाचा कप खिडकीत ठेवला. रविकुमारला दंडाला धरून स्टुलावरून उठवलं, स्वतः बसली आणि दोन्ही हातांनी बटणांवर तुटून पडली. शाळेच्या प्रश्नपत्रिका तिनेच टाइप केलेल्या असायच्या. कट्‌कट्‌कट्‌कट्‌ असा पाऊस पडू लागला. मान न वळवता ती हळू आवाजात म्हणाली,

"त्या भिंतीकडं बगत बसा. नवी नोकरी कशी मिळंल त्येचा निवांत इचार करा. तवर म्या वाजवते."

बाहेर हणमंतप्पांनी समाधानाने पाय लांब केले.

"आता बसला बगा पोराचा हात, दाजी," ते म्हणाले. "मगापासून जरा अडखळायला होता. बोला, कवाची तारीख काडायची?"