बिनगियरच्या गाडीचा राहिलेला कोंबडा

रविवारी सकाळी दौलतशेठ तोंडात ब्रश धरून अंगणात आले, सवयीने आपल्या गाडीखाली वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. गाडीखाली लालभडक थारोळं साचलं होतं. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो गाडीचा नव्हे, बायकोचा. जानकीबाईच्या नजरेस पडायच्या आत हे पुसून टाकायला हवं होतं.

भिवंडीजवळच्या पूर्ण्यातली शेतं गोदामवाल्यांकडे गेली तेव्हा गावात ज्याने त्याने आपल्या हौसेप्रमाणे गाडी घेतली. दौलत तऱ्यांची हौस जगावेगळी. दुबईहून परतलेल्या एका माणसाची जुनी अमेरिकन पिकअप त्यांनी पाहिली आणि तिच्यावर त्यांचा जीव जडला. लांबलचक अंग, मागे मोकळा हौदा, स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि मुख्य म्हणजे क्लचही नाही आणि गियर बदलायची कटकटही नाही. पाय दिला की निघाली. "ही बिनगियरची हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. ती निघत असे हे खरं, पण पोचत असेच असं नाही, आणि हा भाग ते सांगत नसत.

मागच्याच महिन्यात ती कशेळीच्या पुलावर ऐन रहदारीत बसली. जानकीबाईने नवी कोरी साडी खोचून ती ढकलली. घाम निघेपर्यंत ढकलली. शेवटी एका ट्रेलरवाल्याने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, की बिनगियरची गाडी ढकलून चालूच होत नसते. जानकीबाईने साडीचा खोचा सोडला, पदर सारखा केला आणि पूल संपेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर ती एवढंच बोलली, "परत जर ही रस्त्यात बसली, तर दुसऱ्या दिवशी भंगारात. माज्यासमोर कबूल करा." दौलतशेठनी देवासमोर हात जोडून कबूल केलं होतं.

आणि आज जानकीबाईच्या भावाच्या, खारबावच्या महादूच्या घरी हळद. महादूची मृणाली नवरी. त्या घरची रीत अशी, की नवरीला पहिली हळद थोरल्या आत्याने लावायची. थोरली आत्या म्हणजे जानकीबाई. ती वेळेवर पोचली नाही तर तो मान धाकट्या आत्याकडे, म्हणजे काशीकडे जाणार, आणि काशी तर चार दिवसांपासून माहेरी येऊन बसली होती. थोडक्यात, गाडी आज बसली असती तर पुढचा जन्मभर दौलतशेठना घरात बसणं मुश्कील झालं असतं.

म्हणून त्यांनी आधी घरगुती इलाज केला. पेट्रोलची टाकी गळली तर कपड्यांचा साबण चोळतात हे त्यांना ठाऊक होतं. ते गाडीखाली शिरले. गियरबॉक्सकडून पुढे रेडिएटरकडे दोन लोखंडी नळ्या जात होत्या. खाडीच्या वाऱ्याने त्या गंजून खरबरीत झाल्या होत्या आणि एकीतून लाल तेल झिरपत होतं. त्यांनी नळीवर साबण थापला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि मोठ्या समाधानाने इंजिन चालू केलं. क्षणभर सगळं शांत होतं. मग गाडीखालून गुलाबी फेस यायला लागला.

नेमकी तेव्हाच जानकीबाई दारात आली.

"अगो बाय! यो काय रक्त?"

"रक्त न्हाय गो. तेल हाय. या गाडीचा तेल लालच असतो."

"तेल कदी लाल असतं? मी काय आज सयपाक शिकले?" जानकीबाई पायरी उतरून खाली आली आणि थारोळ्याकडे बघत गंभीर झाली. "मना वाटलाच होता. गाडी आली तवा श्रावन होता. नुसता नारल फोडला. श्रावन सरल्यावर कोंबडा देऊ, असा मी बोल्लेली. दिला का? न्हाय दिला. गाडी आपला मान मागते."

दौलतशेठ हसले. बायकोसमोर हसावं की नाही याचा निर्णय नवऱ्याने फार विचार करून घ्यायचा असतो. तो त्यांनी घेतला नाही.

"गाडी अमेरिकेची हाय, जानके. तिला काय कोंबडा समजतो?"

"तिथं कोंबड्या न्हाईत काय?" असं म्हणून जानकीबाई तणतणत आत गेली. दौलतशेठनी शकूर मिस्त्रीला फोन लावला.

शकूर मिस्त्री अंजूरफाट्याचा. टेम्पो, रिक्षा, कापडाच्या लूमच्या मोटरी, जे बंद पडेल ते तो उघडत असे. "आपल्या हाताखालून गेलं नाही असं मशीन भिवंडीत नाही," हे त्याचं नेहमीचं वाक्य. तो स्कूटरवर आला, गाडीखाली गेला आणि बराच वेळ खालीच राहिला.

"शेठ, इसमें तो क्लचच नाहीये!" आतून आवाज आला.

"ते मना म्हाईत हाय. गळती कुठं हाय ती बोल."

शकूर बाहेर आला आणि त्याने हात पुसत व्याख्यान दिलं. गियरबॉक्समधलं तेल तापतं, एका नळीतून रेडिएटरपर्यंत जातं, तिथे थंड होतं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. जाणारी नळी सडली आहे. तेवढा तुकडा कापायचा, जाड रबरी पाइप चढवायचा, दोन्ही टोकांना क्लिपा आवळायच्या. "एक घंटे का काम है. फिर एक थेंब पण गळला ना शेठ, तर शकूर नाव लावणार नाय!"

काम त्याने खरोखर झकास केलं. तेल भरलं, इंजिन चालू केलं, आणि मग खिशातून पांढऱ्या कापडाचा मोठा तुकडा काढून गाडीखाली अंथरला. लूमवर असले तुकडे पोत्याने मिळतात. "अब इसको चालू छोडो. आपण नाक्यावर चाय पिऊन येऊ. परत आल्यावर कपडा व्हाइट म्हणजे काम राइट."

दोघे चहाला गेले.

जानकीबाई जणू याचीच वाट पाहत होती. तिने शेजारच्या नवशाला हाक मारली. नवशाचं घर वीतभर अंतरावर, आणि त्याच्या खुराड्यातला कोंबडा तिने सकाळीच ठरवून ठेवला होता. "लवकर कर रं, त्ये येतील. त्यांना हसायला निमित्त नको." नवशाने मान दिला तो रीतीप्रमाणे पुढच्या चाकापाशी. जानकीबाईने गाडीला हळदकुंकू वाहिलं, मनातल्या मनात म्हणाली, बाई, आता तुझं तुला मिळालं, आज मला खारबावला वेळेवर पोचव, आणि कोंबडा घेऊन स्वयंपाकघरात गेली. नवशाही हात धुऊन आपल्या घरी गेला.

कापड तिला दिसलंच नव्हतं.

चहा पिऊन परतताना शकूर शीळ घालत होता. वाकून त्याने कापड बाहेर ओढलं आणि शीळ मध्येच तुटली. पांढऱ्या कापडावर लाल डाग होते. थेंब नव्हे, चांगले रुपयाएवढे डाग.

"हे काय?" दौलतशेठ म्हणाले.

"होच नाय शकत." शकूरचा चेहरा पडला. "शेठ, होच नाय शकत!"

"समोर दिसतंय, आनि होच नाय शकत बोलतोस?"

माणसाचा अभिमान दुखावला की त्याच्या हातात पाना देऊ नये. शकूर तरातरा गाडीखाली गेला. त्याने क्लिपा तपासल्या, कोरड्या होत्या. पाइप चाचपला, कोरडा होता. याचा अर्थ त्याने असा काढला, की गळती पुढे आहे, जिथे नळी रेडिएटरला जोडलेली असते तिथे. डागही पुढेच होते. खरं तर तिथेही ठणठणीत कोरडं होतं. पण शकूरने पाना लावला आणि सगळ्या अपमानाचा जोर काढून नट आवळला. नट कित्येक वर्षं जागचा हलला नव्हता. तो हलला, आणि त्याच्याबरोबर नळीचं तोंडही तुटून आलं.

आता खरं तेल आलं. थेंबाथेंबाने नव्हे, धारेने. शकूरचा शर्ट, दाढी, सगळं लाल झालं.

"बंद करा, शेठ! बंद करा!"

दौलतशेठनी धावत जाऊन इंजिन बंद केलं आणि ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. त्यांना खरोखर रडू येत होतं. गाडी जुनी होती, लहरी होती, सगळं मान्य. पण तिच्यात बसलं की त्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटे, आणि उद्या तिला भंगारवाल्याच्या दोरखंडाला बांधून जाताना पाहायचं होतं.

एवढ्यात जानकीबाई बाहेर आली. हिरवी साडी, अंगभर दागिने, हातात कालवणाचा डबा. तिने लाल झालेल्या शकूरला पाहिलं आणि किंचाळायची तेवढी राहिली.

"आता काय झाला? मी तर मान दिला!"

दौलतशेठनी डोकं वर केलं. "कसला मान?"

"कोंबड्याचा. तुमी चा प्यायला गेल्तात तवा. पुढल्या चाकापाशी."

शकूरने बाजूला पडलेलं कापड उलगडून पाहिलं. मग नाकाशी नेलं. मग तो हळूच जमिनीवर बसला. "भाभी," तो म्हणाला, "माझी फिटिंग बरोबर होती. तुमच्या मुर्गीनं मारलं मला."

"मुर्गी न्हाय, कोंबडा व्हता," जानकीबाईने दुरुस्ती केली. पण तिचा आवाज खाली आला होता. ती पायरीवर बसली. "म्हंजे माज्यामुलं झाला? आता काशी लावनार हलद." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी पाहून दौलतशेठ गाडीतून खाली उतरले. बायकोचा राग त्यांना सवयीचा होता, रडणं नव्हतं. "शकूर, कायपन कर," ते म्हणाले. "खारबावपर्यंत गेली पायजे. पुढचं पुढं."

शकूरने डोकं खाजवलं. "एक रस्ता आहे. रेडिएटरला सोडून द्यायचं. जाणारी नळी सरळ येणाऱ्या नळीला जोडायची. तेल फिरेल, पण थंड होणार नाय. म्हणून गाडी सायकलसारखी चालवायची. घाई केली की तापली, तापली की बसली."

"बसली की गेली," दौलतशेठ पुटपुटले.

जोड झाली, उरलेलं तेल भरलं. वाटेत लागला तर असावा म्हणून शकूरलाही मागे हौद्यात, कालवणाच्या डब्याजवळ बसवलं. गाडी पूर्ण्यातून निघाली ती इतकी सावकाश, की नवशाची म्हातारी बराच वेळ शेजारून चालत निरोप देत होती. पूर्ण्याच्या रस्त्यावर गोदामातून बाहेर पडलेला एक कंटेनर मागे लागला, अंजूरफाट्याला दोन टेम्पो आणि एक बस येऊन मिळाली. खारबावचा रस्ता अरुंद, पुढे जायला जागा नाही. मागची रांग वाढत गेली. हॉर्न वाजत होते, ड्रायव्हर खिडकीतून दौलतशेठच्या साऱ्या खानदानाची आठवण काढत होते.

"जरा दाबा की," जानकीबाई कळवळून म्हणाली.

"दाबली तर बसंल."

"मंग नका दाबू. त्यांना वाजवू द्या."

मागून शकूर ओरडत होता, "शाब्बास शेठ, असंच! असंच!"

खारबावला महादूच्या दारात मांडव सजला होता. थोरल्या बहिणीचा पत्ता नाही म्हणून नाइलाजाने काशीला पाटाजवळ बोलावलं होतं आणि तिची बोटं हळदीच्या वाटीत बुडालीसुद्धा होती. तेवढ्यात दुरून हॉर्नचा कल्लोळ ऐकू आला. मांडवातली माणसं रस्त्यावर आली. पुढे लांबलचक पिकअप डुलत येत होती, हौद्यात एक लाल माणूस दोन्ही हात वर करून ओरडत होता, आणि मागे नजर पोचेल तिथपर्यंत ट्रक, टेम्पो, बस, कंटेनर.

"आत्या वरात घेऊन आली!" कुणीतरी ओरडलं. बॅन्डवाल्यांना तेवढं पुरे होतं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. महादू हात जोडत पुढे आला. "अगो ताई, इतकी मानसं? पयलं कलवायचंस तरी!"

गाडी मांडवासमोर बाजूला लागली आणि मगच बंद पडली. पण पोचून बंद पडली, तेव्हा कबुलीत ते धरता येणार नव्हतं. मागची अख्खी वरात शिव्या देत पुढे निघून गेली, पण बॅन्डच्या आवाजात ते कुणाला समजलं नाही. जानकीबाई राणीसारखी खाली उतरली आणि काशीने मुकाट्याने वाटीतून बोटं काढली.

पहिली हळद लागली. मृणालीने वाकून आत्याच्या पायांना हात लावला, जानकीबाईच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, या वेळी आनंदाचं. दौलतशेठ गाडीला टेकून ते लांबून बघत होते आणि फडक्याने घाम पुसत होते. काशी मात्र हिरमुसली होऊन बाहेर आली आणि गाडीभोवती फिरायला लागली.

"भाऊजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमची गाडी गलते काय ओ? खाली समदा लाल झालाय."

मांडवातल्या माना वळल्या. तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या.

"गलत न्हाय गो," जानकीबाई म्हणाली. "सकाली गाडीला कोंबडा दिलाय. त्याचाच हाय तो."

काशी सहजासहजी सोडणारी नव्हती. तिने पुन्हा वाकून पाहिलं. "पन कोंबडा तं पुढल्या चाकाला देतान. यो तं मधीपन लाल हाय, मागंपन लाल हाय."

जानकीबाईने गाडीच्या पत्र्यावर हळदीचा हात ठेवला. पत्र्यावर पाच पिवळी बोटं उठली.

"आमची गाडी मोठी हाय," ती म्हणाली. "तीन कोंबडं लागलं."

हौद्यात कालवणाच्या डब्याशेजारी बसलेला शकूर मिस्त्री तोंडावर रुमाल धरून आडवा झाला. दौलतशेठनी पायाजवळ पडलेल्या ताज्या थेंबावर हळूच चप्पल ठेवली आणि बायकोकडे पाहत तिथेच उभे राहिले.